जाळीचं पार्सल

२८ एप्रिल, मंगळवार

आजपासून वही लिहायची. हौस म्हणून नव्हे. घरात तोंड उघडायची सोय राहिली नाही म्हणून.

सकाळी चहा पुढ्यात ठेवता ठेवता शिवबाईनं, म्हणजे आमच्या कुटुंबानं, फर्मान काढलं. “अहो, नीट ऐकून ठेवा. या घरात पुन्हा एसी हा शब्द निघाला तर मी पंढरपूरला बहिणीकडं जाऊन राहीन. मग भात तुम्ही लावा, भांडी तुम्ही घासा.” मी विचारलं, “एसी नाही तर काय म्हणू?” म्हणाली, “काहीच म्हणू नका. घरात दुसरं पण काही चाललेलं असतं, ते बघा जरा.” मी वर बघितलं. पंखा चालला होता.

तर ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याची हकीकत. मी आयुष्यभर वीज खात्यात लाइनमन होतो. सगळ्या सोलापूरचे पंखे चालू ठेवले, आणि स्वतः उन्हात खांबावर लटकलो. रिटायर झालो तेव्हा एका साखर कारखान्याच्या माजी संचालकाकडून कॉन्टेसा घेतली. एकोणनव्वदची, पांढरी, लांबलचक. शिवबाई तिला सवत म्हणते. इंजिन राजा आहे. एसी मात्र संचालकसाहेब पडले त्या निवडणुकीपासून बंद. बटण आहे, बटणावर बर्फाची चांदणी आहे, दाबलं की दिवासुद्धा लागतो, आणि मग भट्टीसारखी हवा येते.

गेल्या मे महिन्यात जावई पहिल्यांदा आले. आमच्या आरोहीचे यजमान, दिग्विजयराव, पुण्याचे. स्टेशनवरून घरी आणेपर्यंत माणसाचा उकडलेला बटाटा झाला. उतरताना म्हणाले, “तुमच्याकडं माणसं राहतात कशी?” जावई म्हणून गिळलं. पण मीही सोडणारा नाही. यंदा ऐन मे महिन्यात अधिक आलाय. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालणं आलं, वाण देणं आलं. तेव्हा स्टेशनपासून घरापर्यंत त्यांना असं गारठवून आणणार की दात वाजले पाहिजेत.

२ मे, शनिवार

गाडी बिरुदेवकडं नेली. होटगी रोडला त्याचं गॅरेज आहे, एसीचं काम हात धुऊन करतो, म्हणजे काम झाल्यावर हात धुतो इतकंच. बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरला आणि आतूनच बोलला, “रामहरी सायेब, ह्या गाडीत एसी हाय, ह्ये फकस्त बटनाला म्हाईत हाय. बाकी कुनालाच न्हाई.”

ब्लोअर उघडला तर आत उंदरांचा संसार निघाला. कापूस, शेंगांची टरफलं, आणि एका लग्नपत्रिकेचा तुकडा. कॉम्प्रेसर दुरुस्त होण्यासारखा आहे म्हणाला. पाईप बसतील दुसऱ्या गाडीचे. पण रेडिएटरच्या पुढं उभी असते ती कंडेन्सरची चौकट सडली होती. बोट लावलं की पापडासारखी मोडत होती. “ही तेवढी आना सायेब. कुटनं बी आना. बाकीचं मी बगतो.”

कुटनं बी म्हणजे कुठून? ही गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला. दुकानदार नाव ऐकलं की हसतात.

५ मे, मंगळवार

मंगळवार बाजारात गेलो. तिथं जुनं काय मिळत नाही! दाताची कवळीसुद्धा मिळते. भंगारवाल्या खाजाभाईला म्हणालो, “कॉन्टेसाचं कंडेन्सर पाहिजे.” तो म्हणाला, “कंडेन्सर होना? अब्बी देतूं,” आणि पोत्यात हात घालून पंख्याचं कंडेन्सर काढून माझ्या हातावर ठेवलं. अंगठ्याएवढं. मी म्हणालो, अहो, गाडीचं. तो म्हणाला, “गाडी में पंखा लगाते क्या, साब?”

चूक त्याची नाही. सोलापुरात कंडेन्सर म्हणजे पंख्याचं. मी स्वतः आयुष्यभर त्याला कंडेन्सरच म्हणत आलो. बाजारभर फिरून तीन वेगवेगळ्या लोकांकडून हेच उत्तर घेऊन आलो आणि वर त्यातलं एक विकत पण घेतलं, मोरीजवळचा पंखा हळू फिरतो म्हणून.

बिरुदेव पोट धरून हसला. “कंडेन्सर म्हनू नगा की! जाळी म्हना, जाळी. एसीची जाळी.” आता जाळी.

९ मे, शनिवार

आरोहीचा फोन आला. हल्ली तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो. मी म्हणालो, “आरू, तुझा फोन बिघडलाय, रेंज बघ.” ती म्हणाली, “नाही बाबा, स्पीकरवर आहे.” कामात असते, हात मोकळे लागत असतील. मी जाळीची गोष्ट सांगायला घेतली, तेवढ्यात, “ठेवते हं, हे आलेत.” बोलायला सुरुवात केली की हे येतातच. माणूस दारातच उभा असतो की काय कोण जाणे.

शिवबाई फोन ठेवल्यावर बराच वेळ हातात पदर धरून बसली होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “काही नाही. तुम्हाला जाळी मिळाली का?” नाव न घेता चौकशी केली. बायको निवळतेय असं दिसतंय.

१२ मे, मंगळवार

आरोही आली! धोंड्याला अजून अवकाश आहे, पण आली. “चार दिवस आधी आले,” म्हणाली. बॅगा तीन. एकीत कॉलेजची सर्टिफिकेटं आणि एकीत स्वेटर. मे महिन्यात सोलापूरला स्वेटर घेऊन येणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. शेजारच्या चन्नम्मा बघून म्हणाल्या, “येन्री भाऊजी, हिला थंडी वाजते काय?” मी छाती काढून म्हणालो, “आमच्या गाडीवर पोरीचा विश्वास आहे.” शिवबाईनं माझ्याकडं असं काही बघितलं की मी अंगणात गेलो.

वाळली आहे पोरगी. पुण्यात पाणी बरं नसतं.

१५ मे, शुक्रवार

आजचा दिवस सोन्याचा! पण सुरुवातीपासून लिहितो.

बिरुदेवच्या मावसभावाकडून खबर लागली की अक्कलकोटच्या अलीकडं एका वस्तीवर मेलेली कॉन्टेसा उभी आहे. कुणा पुढाऱ्यानं टाकून दिलेली. आरोहीला म्हणालो, चल, हवा बदल होईल. तीही लगेच निघाली. वाटेत खिडकीतून झळा येत होत्या, तरी ती डोळे मिटून बसली होती आणि म्हणत होती, “बाबा, किती बरं वाटतंय.” चमत्कारिकच.

वस्तीवर गेलो तर कॉन्टेसाच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी उबवत होत्या आणि बंपरला दोन बोकडं बांधली होती. मालकीण केराबाई, सत्तरीची, मेंढरं राखणारी बाई. “कुटनं आलासा? गाडी इकत न्हाई बगा. कोंबड्यांचं घर हाय ते.” मी म्हणालो, गाडी नको, पुढची जाळी तेवढी पाहिजे. तिनं तोंड वाकडं केलं. “ती तर कवाच काडली. ती बगा, खुराड्याला.”

खरंच! कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून कॉन्टेसाची एसीची जाळी लावलेली. तारेनं बांधलेली. बोटानं वाजवून बघितली, तांब्याच्या नळ्या शाबूत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल. अर्थात म्हातारी काही फुकट सोडणारी नव्हती. दुसरं दार बसवून द्या, मग न्या, म्हणाली. गावात जाऊन पत्र्याचं दार करून आणलं, बिजागऱ्या ठोकल्या, कोंबड्या आत घातल्या. एक बाहेर आली, ती पुन्हा आत घातली. या सगळ्यात दुपार झाली. आरोही तोवर म्हातारीजवळ बाजल्यावर बसून ताक पीत होती. दोघी काय बोलत होत्या देव जाणे. मी खुराड्यात होतो.

निघताना केराबाईनं मला बाजूला घेतलं. “पोरगी फोन वाजला की दचकतीया. माजं कोंबडं बी मुंगसाला येवढं दचकत न्हाई. पोरीला हितंच ऱ्हाऊ द्या जरा.” म्हातारी लई प्रेमळ. परत येताना मी आरूला म्हणालो, तुझी रिंगटोन फार कर्कश आहे, बदलून टाक. तिनं फोनच बंद केला.

१९ मे, मंगळवार

बिरुदेवनं जाळी पाण्याच्या हौदात बुडवून हवा मारली. एकाच ठिकाणी बुडबुडे. तिथं कथलाचा डाग दिला, पुन्हा बुडवली, पाणी गप्प. “कोंबड्यांनी लई जपलीया,” म्हणाला. आता त्याच्या गावची जत्रा आहे, गॅरेज बंद. रविवारी सकाळी येऊन बसवतो म्हणाला, तोवर जाळी घरी ठेवा, इथं भंगारवाले उचलतील.

घरी न्यायची कशी? शिवबाईचा कायदा! पंढरपूरची धमकी ती खरी करणारी बाई आहे.

घरात मात्र धोंड्याची धांदल. रविवारी दिग्विजयराव येणार. हिनं फोन करकरून गळ घातलीय. मी म्हणालो, “कामात असतील तर राहू दे की.” तर माझ्यावरच उसळली. “मानपान केला की माणूस निवळतो. सगळं रीतीनं व्हायला पाहिजे.” निवळतो म्हणजे काय, गढूळ केव्हा झाला होता? बायकांचं बोलणं. अधिकात जावयाला जाळीदार वस्तूंचं वाण देतात. म्हणून चन्नम्मांकडं तेहतीस अनारसे सांगितलेत. त्यांच्या अनारशाला जाळी अशी पडते की पलीकडचं दिसावं. दिवसभर घरात एकच विषय. जाळी चांगली पडली पाहिजे, जाळी मोडायला नको. मी निम्मा वेळ चमकून बघतोय, माझ्या जाळीबद्दल बोलतात की काय.

२३ मे, शनिवार

नामी युक्ती काढली. वाण बांधायला हिनं लाल चकचकीत कागद आणला होता, तो उरला. मी जाळी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून त्याच लाल कागदात बांधली आणि कपाटावर, अनारशांच्या तशाच पार्सलशेजारी ठेवली. हिला वाटलं, जावयासाठी मी वेगळा आहेर आणला. चक्क खूश झाली. “अखेर लक्ष घातलंत,” म्हणाली. खोटं बोललो नाही. फक्त गप्प बसलो.

बिरुदेवला फोन केला. सकाळी मी स्टेशनवर असेन, तू घरी ये, कपाटावरचं जाळीचं पार्सल मागून घे आणि गॅरेजला जाऊन बसव. एसीचा उच्चार करू नकोस, फक्त जाळी म्हण. तो म्हणाला, “सायेब, ह्ये दोन नंबरचं हाय का काय?” मी म्हणालो, नाही रे, एक नंबरची बायको आहे.

२४ मे, रविवार

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. काय लिहू आणि कसं लिहू.

गाडी गॅरेजला, म्हणून जावयाला रिक्षानं आणलं. अख्खा रस्ता रुमालानं मान पुसत होते. मला म्हणाले, “आरोहीला म्हटलं होतं, चार दिवसांत परत ये. फोन बंद ठेवून बसलीय.” मी म्हणालो, रिंगटोन कर्कश होती.

दुपारी पाट मांडले. दोघांना बसवलं. हिनं ओवाळलं, पुरणाचे धोंडे वाढले, मग लाल पार्सल आणलं. वर हळदी-कुंकू वाहिलं, तुळशीचं पान ठेवलं, जावयाच्या ओंजळीत दिलं आणि म्हणाली, “जपून हं, आत जाळीदार आहे.” दिग्विजयरावांना आईला फोटो पाठवायचा होता, म्हणून त्यांनी तिथंच उघडलं.

आतून कॉन्टेसाची जाळी निघाली. काळी, तेलकट, डागाचा ठिपका असलेली, आणि एका फटीत कोंबडीचं पीस.

“हे काय आहे?” जावई म्हणाले.

माझा फोन वाजला. बिरुदेव. त्याला हळू बोलता येत नाही, सगळ्या घरानं ऐकलं. “सायेब, जाळी लई भारी हाय, पन ही तर तुपात तळल्याली हाय की! वर खसखस बी हाय. आमी चार खाल्ल्या. आता गाडीला काय बशिवू?”

चन्नम्मा कपाळावर हात मारून म्हणाल्या, “अय्यो! सकाळी तो आला, जाळी मागितला, मी जाळी दिली की!” सकाळी शिवबाई देवळात होती, चन्नम्मा स्वयंपाकघर सांभाळत होत्या. आणि या महिन्यात कुणी जाळी मागितली तर कोण शहाणी बाई त्याला मोटारीचा पार्ट देईल? मी हसलो. चन्नम्मा हसल्या. शिवबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली, इतकी की ताट हललं.

दिग्विजयराव हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं नाही, आरोहीकडं बघितलं. आवाज न चढवता म्हणाले, “तुला एवढंही बघता येत नाही का? माझी चेष्टा करायला बोलावलंय मला?”

आणि आरोही म्हणाली, “सॉरी, सॉरी. माझंच चुकलं. मी बघायला पाहिजे होतं. रागावू नका ना. सॉरी.” एका दमात. पाठ केल्यासारखं. हात ताटावरच राहिला होता.

मी हसायचा थांबलो. तिचा त्या पार्सलशी काय संबंध? तिनं ते बघितलंसुद्धा नव्हतं. ही माझी आरू आहे. दहावीत सरांनी पेपर चुकीचा तपासला म्हणून हेडमास्तरांच्या खोलीबाहेर मांडी घालून बसलेली. माझ्याशी भांडली की तीन-तीन दिवस बोलायची नाही, आणि शेवटी मीच कुल्फी आणून तह करायचो. या घरात तिच्या तोंडून एक सॉरी ऐकायला माझे कान आसुसलेले असायचे. ते आज फुकटात तीनदा ऐकलं आणि एकही नको झालं.

मी म्हणालो, “जावईबापू, पार्सल मी बांधलं. तिचा काय दोष?”

ते म्हणाले, “असू द्या हो बाबा. तिला सवय आहे.”

सवय! कसली सवय?

संध्याकाळी बिरुदेव उरलेले अनारसे घेऊन आला, जाळी घेऊन गेला, कुंकवासकट बसवली, गॅस भरला आणि गाडी दारात आणून लावली. मी हात धरला. गार वारं. खरंच गार, बोटं आखडावीत असं. बिरुदेव म्हणाला, उभ्या गाडीत लई वेळ चालवू नका, जाळी तापतीया, लागलंच तर पाणी मारा. मी हो म्हणालो. इतके दिवस ज्याच्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावलो ते हाताला लागत होतं, आणि मला काडीचा आनंद झाला नाही.

२५ मे, सोमवार

सकाळी शिवबाई मागच्या दारी भांडी घासत होती. तिच्यासमोर पाट टाकून बसलो आणि विचारलं, “आरूचं काय आहे? खरं सांग.”

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, पगाराचं कार्ड त्यांच्याकडं. फोन रोज तपासायचा. आमच्याशी बोलायचं तर स्पीकरवर, समोर बसून. मैत्रिणी बंद, एकटीनं दुकानात जाणं बंद. भाजीत मीठ जास्त झालं तर दोन-दोन दिवस अबोला, आणि हिनं माफी मागेपर्यंत सुटका नाही. “ती परत न जाण्यासाठी आलीय हो. मलाच वाटलं, एकदा रीतीनं मान दिला तर माणूस सुधारेल. काल बघितलं, काय सुधारतो ते.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही एसीत होतात.”

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. स्वेटर, सर्टिफिकेटं, विहिरीतला आवाज. अक्कलकोटकडच्या म्हातारीला एका ताकाच्या भांड्यात कळलं आणि मी बाप असून पोरीला रिंगटोन बदल म्हणालो. माझ्याएवढा गाढव सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल.

आरू तुळशीपाशी उभी होती. तिच्याजवळ गेलो. बोलायचं बरंच होतं, पण मला ते जमत नाही. म्हणालो, “आरू, जायचं तर जा, राहायचं तर राहा. धोंडा गेला खड्ड्यात. लोकांना तोंड द्यायला मी रिकामाच आहे.” ती माझ्या दंडाला कपाळ टेकून उभी राहिली. लहानपणी ताप आला की अशीच टेकायची.

अकराला लाईट गेली. घर तापलं. दिग्विजयराव म्हणाले, “आरोही, बॅग भर. दुपारची गाडी आहे.” ती म्हणाली, “आधी बोलायचंय.” ते म्हणाले, इथं सगळ्यांसमोर? तर ती म्हणाली, “गाडीत बसू. बाबा, चावी द्या.” आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. ते डावीकडं बसले. काचा वर. एसी सुरू.

मी बादली भरून आणली. बॉनेटपुढं वाकून जाळीवर तांब्यानं पाणी मारत राहिलो. एसी बंद पडला तर ते दार उघडतील, आणि आरूचं बोलणं अर्धवट राहील, एवढंच डोक्यात होतं. ऊन डोक्यावर, पाणी मारलं की वाफ तोंडावर. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलं, “काका, भर उन्हात गाडी धुताय?” मी म्हणालो, “अधिकाची आंघोळ घालतोय, पुण्य लागतं.”

आत काय बोलणं चाललंय ऐकू येत नव्हतं. काचेतून दिसत होतं. आधी नुसता त्यांचा हात हलत होता, बोट वर-खाली. आरू समोर बघत होती. समोर म्हणजे माझ्याकडं. मी तांब्या ओतला. मग तिनं बोलायला सुरुवात केली. पोरगी बोलतच राहिली. त्यांनी मध्येच मोबाईल काढला, तिनं हात लांब करून तो उलटा ठेवला. मला वाटलं, आता हा हात उगारतो की काय. बादली उचलून ताठ उभा राहिलो. उगारला असता तर बादली फुटली असती, कशावर ते लिहीत नाही. पण त्याला मी दिसत होतो. त्यानं हात मांडीवर ठेवला.

चौथी बादली चालू होती, तेव्हा तिनं इंजिन बंद केलं आणि बाहेर आली. चेहरा ओला होता, पण आवाज अगदी सरळ. “बाबा, मी जात नाहीये. वकिलांकडं जायचंय, तुम्ही सोबत याल?” सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलली. मी मान हलवली. दारातून शिवबाई म्हणाली, “बरं. आत चल, जेवून घे.”

जावयाला स्टेशनवर सोडायला मीच गेलो. पाहुणा आहे, रीत आहे. एसी सुरू केला. आसरा चौकापर्यंत गाडीत काश्मीर झालं होतं. तेवढ्यात साहेब सीटवर रेलून बोलले, “बाबा, एसी छान झालाय. आता तुम्ही आरोहीला जरा समजवा. आठ दिवसांत सरळ येईल. बायकांशी थोडं कडक राहावं लागतं, नाहीतर डोक्यावर बसतात.”

मी हात पुढं केला आणि चांदणीचं बटण बंद केलं.

थोड्या वेळानं म्हणाले, “बंद पडला का?” मी म्हणालो, “जुनी गाडी. भरवसा नाही.” ते काच खाली करायला गेले. डाव्या काचेचं हँडल नुसतं गोल फिरतं, काच हलत नाही. हे मला माहीत होतं. सात रस्त्यावरून स्टेशन जवळ पडतं. मी गाडी भवानी पेठेतून घेतली. सोमवारची गर्दी, टेम्पो आडवे, सूतगिरणीची गाठोडी उतरत होती. कुणाला हॉर्न मारला नाही. गरिबांना घाई कशाला करायची? साहेबांचा शर्ट आधी पाठीला चिकटला, मग पोटाला. शेवटी बोलायचेही थांबले. घाम मलाही धो-धो आला होता, पण माझी सगळी नोकरी खांबावर गेलीय.

घरी आलो तेव्हा लाईट आली होती. आरू ओट्यावर बसून अनारसा खात होती. “गेले?”

“गेले.”

“एसी चालला का?”

“आसऱ्यापर्यंत. मग मी बंद केला. काचा वरच होत्या. भवानी पेठेतून नेला त्याला.”

ती माझ्या भिजलेल्या शर्टाकडं बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, अनारसा हातातून पडला, तरी थांबेना. शिवबाई आतून धावत आली, “काय झालं? पोरगी रडतेय का?” मी म्हणालो, हसतेय. जवळ जाऊन बघितलं तर दोन्ही चाललं होतं. मी आतला टेबलपंखा आणून तिच्याकडं वळवून ठेवला.